दत्तूचं लाकूड कोरडं होतं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोलाही अर्धंच सांगितलं. कारण अनुभव सांगायचा तर त्याआधीचं माझं वागणंही सांगावं लागतं... आणि नेमकं तेच नको होतं. आता पंचाहत्तरी उलटली आहे, म्हणून झालं तसं लिहितो.

चमत्कार, संकेत वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. लोणावळ्यात शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झालो आणि यूव्ही रेझिनचा नाद लागला. मधासारखं दाट रसायन असतं. लाकडात कोरलेल्या नक्षीत ओतायचं, वर जांभळ्या उजेडाचा दिवा धरायचा – काही मिनिटांत काचेसारखं कडक. कडक होताना ते चांगलं तापतं. पथ्य एकच, थर पातळ द्यायचे. रंग गडद असेल तर आणखी पातळ, कारण गडद रंगातून उजेड खाली पोचत नाही. वरून पक्कं दिसतं आणि खाली तसंच ओलं राहतं.

लाकूडकाम कान्हे गावच्या दत्तूचं. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, बोलायला कमी, हात मात्र सोन्याचा. लाकूड पारखायला तो फळी गालाला लावायचा. वलं लाकूड गार लागतंय, म्हणायचा. मी त्याची थट्टा करायचो – लाकडाचा मुका घेऊन झाला असेल तर कामाला लागू.

एका ओळखीच्या घरी गौरींसाठी चौरंग हवा होता. दत्तूने सागवानात सुरेख कमळ कोरलं, माझ्याच सांगण्यावरून खोल. पण गौरी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या आणि मला घाई. गडद निळा रंग कालवून मी सगळं रेझिन एकदमच ओतलं. दिवा धरला, वर नख मारून पाहिलं, कडक लागलं... दिला पाठवून.

पूजेच्या दिवशी मी आणि दत्तू दर्शनाला गेलो. गौरीच्या हिरव्या साडीला निळे डाग पडले होते. पाकळीच्या कडेला चीर जाऊन खालचं ओलं रेझिन बाहेर आलं होतं. घरच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. माहेरवाशिणीच्या साडीला डाग, सर? एवढंच म्हणाल्या. हळदीकुंकवाला आलेल्या वीसेक बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या रेझिनच्या क्लासला यायच्या. पातळ थराचं पथ्य मीच त्यांना शिकवलं होतं.

मी म्हणालो, "लाकूड ओलं निघालं."

दत्तू दाराशी उभा होता. तो म्हणाला, "लाकूड वलं न्हाई सर. गालाला लावून बगा."

मी लावलं नाही.

गाव लहान आहे. कान्ह्याचा सुतार ओलं लाकूड देतो, हे तळेगावपर्यंत पोचलं. दत्तूची कामं तुटली. पुढं तो सुदुंबऱ्याकडे एका कारखान्यात माल पाठवायची खोकी ठोकू लागला. कमळं कोरणारा माणूस... खोकी.

चौरंग माझ्याकडे परत आला. तो टाकवेना. छत्रीच्या काळ्या कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात तळाला ठेवला. अधूनमधून त्या चिरेतून सुई घालून पाहायचो. दर वेळी सुई निळी, ओली, चिकट निघायची.

चार वर्षांनी कळलं की दत्तू अंथरुणाला खिळलाय. तेव्हा ठरवलं, चौरंग घेऊन जायचं. चार माणसांसमोर सुई घालून दाखवायची – बघा, लाकूड नाही, माझं रेझिन कच्चं होतं. आदल्या संध्याकाळीही पाहिलं. सुई ओलीच निघाली. कापड पुन्हा बांधलं.

सकाळच्या पुणे लोकलने निघालो. चौरंग मांडीवर, तसाच बांधलेला. मनात वाक्य घोकत होतो. कामशेत गेलं आणि मांडी ऊबदार लागायला लागली. ऊन माझ्या बाजूला नव्हतं. वाटलं, मनाचे खेळ.

दत्तू ओटीवर खाटेवर होता, खूप वाळला होता. बायको, चुलतभाऊ बबन आणि शेजारची दोन माणसं बसली होती. मी कापड सोडलं, सुई चिरेला टेकवली... आत जाईना. चीरच नव्हती. सगळं कमळ एकसंध, निळं, तळापर्यंत स्वच्छ. त्या गडद रंगातून तळाशी दत्तूच्या छिन्नीच्या खुणा दिसत होत्या. इतकं निर्मळ काम माझ्या हातून कधीच झालेलं नाही.

बबन हसत म्हणाला, "घ्या, सरांनी तर वलं लाकूड बी सुकवलं. आन् आमचा दत्तू उगं तोंड लपवत हिंडला."

सगळे हसले. माझा पुरावा गेला होता, पण तोंड होतं ना? दत्तू माझ्याकडे पाहत होता. वाट पाहत होता, असं मला आजही वाटतं. मी नुसता सुईशी चाळा करत राहिलो.

मग त्याने हात पुढे केला, चौरंग घेतला आणि गालाला लावला. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने माझ्याकडे सरकवला.

"आता लावा, सर."

मी लावला. गरम होता. दिव्याखालून नुकताच काढल्यासारखा. आत, लाकडापर्यंत गरम. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीती नव्हती ती... देवळात गाभाऱ्यासमोर होतं तसं काहीतरी.

दत्तू आठवड्याभरात गेला.

नंतर रेझिन विकणाऱ्याला विचारलं, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं. चार वर्षांत आपोआप घट्ट झालं असेल, दोघेही म्हणाले. आदल्या संध्याकाळच्या ओल्या सुईचं, मिटलेल्या चिरेचं, त्या उबेचं काय?

चौरंग दत्तूच्या बायकोकडेच आहे. त्यांना अजून वाटतं, सरांनी दत्तूचं काम दुरुस्त करून आणलं. कामशेतपर्यंत घोकलेलं वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं – दत्तू, तुझं लाकूड कोरडं होतं, चूक माझी होती, तुझी माफी मागायला आलोय.