पहिला मोदक

हळदीच्या पानांचा वास आला की बोरीवलीच्या खोलीतली ती चतुर्थीची सकाळ आठवते. वडील सोडून गेल्यापासून आईला वाटायचं, जेवणात कुणीतरी विष कालवतंय. तरी गोळ्या घेत, हट्टाने, तिने अख्ख्या बिल्डिंगच्या मोदकांची ऑर्डर घेतली होती. पहाटेपासून आमची नुसती धावपळ, दोघी घामाने चिंब, पण खुशीत. पहिली चाळण उतरली आणि आई थबकली. "यात कुणी काही घातलं नाही ना गं?" नैवेद्याआधी चव घेता येईना. मी चटकन भिंतीवरच्या गणपतीला नैवेद्य दाखवला. तिने डोळे मिटून अख्खा मोदक खाल्ला. "झकास झालाय. डबे भर, लोक खोळंबलेत." आता आमचं दुकान आहे, पण चतुर्थीला आईने पहिला मोदक खाल्ल्याशिवाय एकही डबा बाहेर जात नाही.