तिजोरीतले डिझेल

आमच्या सरकारी दवाखान्यात तिजोरी आली तेव्हा खोकल्याचे औषध संपून महिना होत आला होता. मी तिथे औषधे द्यायला होतो, म्हणजे बहुतेक दिवस ती नाहीत असे सांगायला. जिंतूर-परभणी रस्त्यावरचे ते गाव. तिजोरीच्या उद्‌घाटनाला पंचायत समितीचे सभापती आले, नारळ फुटला, जनतेचा पैसा ही देवाची ठेव असते असे भाषण झाले. देवाच्या त्या ठेवीत केसपेपरची चिल्लर आणि पेशंट न्यायच्या जीपचे गाडीभाडे एवढेच असायचे. किल्ल्या दोन. एक डॉक्टरांकडे, दुसरी मोठ्या बाबूंच्या करदोट्याला.

मोठे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. पैसे खाणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. खाणारा असता तर पुढचे कदाचित टळले असते. जमेचा पैसा जसाच्या तसा ट्रेझरीत भरायचा, त्यातली दमडी खर्चाला वापरायची नाही, हा नियम त्यांनी अंगी बाणवला होता. खर्चासाठी अनुदान वेगळे येते, आणि येत नाही तेव्हा येत नाही. आधीच्या डॉक्टरांनी हगवणीच्या साथीत जमेतून सलाइन आणले. माणसे वाचली, डॉक्टरांची वेतनवाढ थांबली. नवे डॉक्टर रुजू झाले त्याच दिवशी मोठ्या बाबूंनी त्यांना चहाबरोबर ही गोष्ट पाजली होती.

कापसाच्या दिवसांत एका दुपारी बैलगाडीतून एक बाई आणली. मूल आडवे होते. "इथं जमणार नाही," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "परभणीला न्या. आत्ताच्या आत्ता."

नवरा सेलूला जिनिंगवर हमाल होता. त्याने सगळ्यांना जयभीम घातला. डॉक्टरांनी मान हलवली. मोठ्या बाबूंनी तेवढीही तसदी घेतली नाही. दवाखान्याच्या भिंतीवर कुणीतरी नामांतराच्या घोषणा रंगवल्या होत्या, आणि जयभीम ऐकला की बाबूंना त्यांवर फासायच्या चुन्याचा खर्च आठवत असे.

"आधी गाडीभाडं भरा."

त्याने भरले. बाईच्या नावाची पावती फाडली गेली, दोन्ही किल्ल्या फिरल्या, पैसे आत गेले. मग ड्रायव्हरला हाक मारली. आमच्याकडे क्रम हाच होता. गाडी निघते का, हे पैसे जमा झाल्यावर पाहायचे.

"कशावर काढू गाडी?" ड्रायव्हर म्हणाला. "डिझेल न्हाई. पंपवाला उधार देईना. मागचं बिल काढलं का तुमी?"

"मग ह्येच पैशे घ्या की," नवरा म्हणाला. "मीच दिलेत आत्ता."

"तुमी दिले, सरकारचे झाले," मोठे बाबू म्हणाले.

डॉक्टर चुळबुळले. "काढू या का हो, बाबू?"

"काढा की साहेब. ऑडिटला उत्तर तेवढं तुमी द्या."

डॉक्टरांनी मग स्वतःच्या खिशातून शंभराची नोट काढली. मोठे बाबू हळूच म्हणाले, "खासगी डिझेल सरकारी गाडीत? लॉगबुकात कुठून आलं म्हणून दाखवू?" नोट परत खिशात गेली. तिला परत ठेवताना डॉक्टरांचा चेहरा किती मोकळा झाला होता!

आतून बाईचा आवाज येत होता. दाराशी बसलेली सासू एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "काय बोलायलेत रे हे?"

"हिशोब," ड्रायव्हर म्हणाला.

शेवटी रस्त्यावर कापसाचा ट्रक अडवला. ट्रकवाल्याने विचारले, "कापसाला डाग पडला तर कोण भरणार?"

"मी," नवरा म्हणाला.

परभणीच्या अलीकडेच बाई गेली. मूलही.

काही दिवसांनी तो पावती घेऊन आला. गाडी गेलीच नाही, तर पैसे वापस द्या म्हणाला. मोठ्या बाबूंनी पावती उलटसुलट पाहिली. "पैसे ट्रेझरीत गेले. परतीचा अर्ज लागंल. आन् पावती पेशंटच्या नावची हाय, तवा अर्जावर अंगठा पेशंटचाच पायजे."

"तिचा अंगठा मिळाला असता तर मी इथं कशाला आलो असतो, साहेब?"

"मग वारसाचा दाखला आणा. तहशिलीतून."

आम्हाला वाटले, आता येत नाही. दरम्यान ऑडिट झाले. जमा रकमेची सुरक्षितता समाधानकारक, असा शेरा मिळाला आणि मोठ्या बाबूंनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

उन्हाळ्यात तो दाखला घेऊन हजर. खेटे घालण्यात त्याचे गाडीभाड्याहून जास्त गेले असणार. मंजुरी आली, पैसे आले. मोठ्या बाबूंनी पोचपावती पुढे केली, तिच्यावर लावायला लागणारे रेव्हेन्यू तिकीट त्यालाच पोस्टातून आणायला लावले, आणि नोटा हातावर ठेवल्या. त्याने त्या तशाच मुठीत धरल्या आणि तो वळला.

"ओ, मोजून घ्या," मोठे बाबू म्हणाले. "मागून तक्रार चालायची न्हाई."

तो परत फिरला आणि आमच्यासमोर उभा राहून, बोटाला थुंकी लावून, मोजू लागला.