रोजची पंचमी

उंदीरमावशी घरी कधी सुरी हातात धरत नसे, हे तुम्हाला आठवत असेल. भेंडी मोडून, कोथिंबीर खुडून, कांदा बुक्कीने फोडून ती स्वयंपाक करायची. सुट्टीत सांगलीला आलात की ती बुक्की बघायला तुम्ही दोघे भावंडे जिना चढून जायचात. मी एकदा माझी विळी देऊ केली, तर म्हणाली, "दिवसभर चिरतच असते, काकू. घरी तरी नको."

आमच्या वरच्या मजल्यावर ती बरीच वर्षे भाड्याने राहिली. मूळची शिराळ्याची, सुभेदाराची मुलगी. झोपेची आणि गुंगीची औषधे मेंदूत नेमकी कुठे जाऊन बसतात, याचा नकाशा ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढत होती. उंदराचा मेंदू गोठवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, त्यांवर किरणोत्सर्गी खूण लावलेले औषध सोडायचे आणि ते काप फिल्मवर ठेवायचे. औषध चिकटले असेल तिथे फिल्म काळी पडते. तिचे नाव तुम्हीच ठेवलेत. मी तुम्हाला रागावले, तेव्हा ती म्हणाली, "असू दे. त्यांच्याच जिवावर जगते मी." हे ती हसून म्हणाली नाही.

समजावण्याची तिची एक पद्धत होती. एकदा फिल्म खिडकीशी धरून तिने तुम्हाला सांगितले होते, "मेंदूचं स्वतःचं एक शांत करणारं रसायन असतं. एसटीत त्याची सीट ठरलेली. गोळी त्याला उठवत नाही, शेजारच्या सीटवर जाऊन बसते. शेजारी कुणी बसलं की त्याला जोर येतो." तुमच्यातल्या धाकट्याने विचारले, खिडकी कुणाची? त्यावर ती खूप हसली.

मग तिची आई आली. आक्का. सुभेदार गेले होते, मुलगा फौजेत, आणि आक्कांची आठवण विरत चाललेली. नागपंचमीला शिराळ्याकडे बायका काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, जमीन उकरत नाहीत. आक्का मुलाचे नाव, घराचा रस्ता, जेवण झाले की नाही, सगळे विसरल्या. पंचमी तेवढी राहिली, आणि ती रोज असायची. मावशी सकाळी कॉलेजला निघाली की आक्का दारात तिची ओढणी धरत. "आज पंचमी हाय गं. काय चिरू नगंस, पोरी."

मला तारखा चोख लागतात. मी कॅलेंडर घेऊन वर जाई आणि आक्कांना दाखवी, हे बघा, हा पौष आहे. त्या कॅलेंडरकडे बघत, मग माझ्याकडे. "आसंल. पर तिला सांगा, चिरू नगंस."

डॉक्टरांनी आक्कांना रात्रीची एक गोळी दिली होती. मावशीने ती आपल्या मनाने सकाळीही सुरू केली. दार मोकळे झाले. आक्का दुपारपर्यंत निजून राहत, आणि राखायला येणारी बाई म्हणे की आता काही त्रास नाही.

श्रावणात एके दिवशी मावशी भर दुपारीच परतली आणि माझ्या पायरीवर बसली. काप काढायच्या यंत्रात पाते लावून झाले होते, मेंदू गोठून तयार होता, आणि तेव्हा तिच्या लक्षात आले.

"काकू, आज खरंच पंचमी आहे. आणि सांगणारी निजलीय. मी निजवलीय." मग म्हणाली, "आईच्या शेजारी कुणीतरी बसायचं होतं. ते काम मी गोळीला सांगितलं."

मी म्हटले, अगं, तुला नोकरी आहे. तिने ते ऐकलेच नाही.

डॉक्टर तिला चांगलेच बोलले. गोळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवली. आक्का पुन्हा दारात उभ्या राहू लागल्या, पंचमी परत आली. पण "पोरी" परत आले नाही. आता त्या लेकीला "बाई" म्हणत, मला म्हणत तसेच. डॉक्टर म्हणाले, हा आजारच तसा आहे, स्वतःला लावून घेऊ नका. मावशी मला म्हणाली, "गोळी कुठं बसते ते मी नकाशात बोट ठेवून दाखवीन. जाताना काय घेऊन गेली, ते कुठल्या फिल्मवर उमटत नाही."

तिने नकाशा पुरा केला, हातातले काम सहकाऱ्यांकडे सोपवले आणि लांब रजा घेतली. दोघी शिराळ्याला निघाल्या तेव्हा मार्गशीर्ष होता. सामान चढले, आक्का गाडीत खिडकीशी बसल्या. मावशी पुढे चालकाशेजारी बसायला निघाली होती. तिने दार उघडले, पुन्हा लावले आणि मागे आईच्या शेजारी जाऊन बसली.

आक्कांनी खिडकीतून माझा हात धरला. "बाई, आज पंचमी हाय न्हवं?"

मावशीने माझ्याकडे पाहिले. कॅलेंडर आत भिंतीवर होते.

"व्हय आक्का," मी म्हटले, "आजच हाय."

आक्कांनी माझा हात सोडला आणि शेजारच्या बाईचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. ते रिकामे होते.