बिजागरीचे दात

रबर सुटत नव्हतं. चिंचवडच्या माझ्या खोलीत, खिडकीतल्या उन्हात, मी कच्छहून आणलेला एक दगड हातात धरून बसले होते. समोर शेजारचे महादेवकाका. मूळचे रत्नागिरीकडचे, सत्तरच्या दशकात इथल्या फाउंड्रीत साचे करायला आलेले.

माझा दगडही साचाच होता. कच्छमध्ये एके काळी समुद्र होता. त्यातला एक शिंपला चिखलात गाडला गेला, चिखलाचा दगड झाला, शिंपला विरघळून गेला आणि त्याची छाप तेवढी राहिली. शिंपल्याच्या दोन झडपा जुळतात तिथे बिजागरी असते आणि तिला बारीक दात असतात. घराणं आणि जात ओळखायची ती या दातांवरून. छापेवर पातळ रबर ओतून, सुकल्यावर सोललं की दात परत मिळतात. दगड ठिसूळ असला तर छापही उचकटून येते.

माझे जीवाश्मशास्त्राचे सर म्हणाले होते, "एकच नमुना आहे, हात लावू नका. बिजागरी दिसत नाही असं लिहा आणि नवी जात म्हणून नाव देऊन टाका."

आमच्यात नव्या जातीच्या नावापुढे ते देणाऱ्याचं आडनाव लागतं, कायमचं. मला ते फार हवं होतं. पण तोंड न बघता बारसं करणं पटेना. शेवटी सर म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर करा. लॅबमध्ये त्यांच्या येरझारा चालायच्या, म्हणून दगड घरी आणला.

काका बघताक्षणी म्हणाले होते, ही तर आमच्याकडची तिसरी, कालवणातली शिंपली. मी म्हटलं, तिसऱ्यांची लांबची नातेवाईक, आता नामशेष. मग रबर सुकेपर्यंत ते गावच्या खाडीबद्दल बोलत राहिले. ओहोटीला त्यांची आई पायांनी चिखल चाचपत तिसऱ्या शोधायची. ऊन दगडावरून माझ्या मनगटावर आलं. बाहेर भट्ट्यांचा धूर होता आणि आत आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उभे होतो.

"घाई नको, बाय. कडेकडेनं घे."

रबर सुटलं. दगड शाबूत राहिला, दात एकूण एक उठले होते. भिंगाखाली धरले. हे दात मी पुस्तकातल्या चित्रांत पाहिले होते. जात जुनीच होती. आमचा नमुना दगडाच्या दाबाने चेपला होता, म्हणून वेगळा वाटत होता.

"ही नवी नाही, काका. हिला आधीच नाव आहे." माझे डोळे भरून आले.

काकांनी तो ठसा तळहातावर घेतला. दातांवरून अंगठा फिरवला.

"मग वाईट काय झालं? हिची माणसं सापडली."

दुसऱ्या दिवशी सरांनी नुसतं "हं" केलं. नमुना त्याच्या जातवाल्यांच्या खणात गेला. पुढे मी काही जातींना नावं दिली, पण बिजागरी पाहिल्याशिवाय एकही नाही.

एक जास्तीचा ठसा काढून काकांना दिला होता. गावी जाताना त्यांनी तो बरोबर नेला. येताना आणला नाही.