स्क्रीनवर नसलेला फड
परवा तेंदूपानांच्या बोऱ्यांनी भरलेला ट्रक शेजारून गेला आणि वाळल्या पानांचा तो कडसर वास नाकात शिरताच माझं डोकं पुन्हा तापलं. काही वर्षांपूर्वी मी चंद्रपूरला पानांच्या एका ठेकेदाराकडे संगणकावर रिपोर्ट तयार करायचे. पानं जिथे वाळवतात त्या फडांवरून मुनशी मोबाइलवर नोंदी पाठवत. त्यातलं ऑफिसच्या साहेबांना स्क्रीनवर काय दिसावं हे ठरवणारा व्ह्यू मी बनवायचे; तो बघूनच ते फडांवर ट्रक पाठवत. रोज नोंद न येणारे फड साहेबांनी त्यातून काढायला लावले, कारण आलेख तुटका दिसत होता. गडचिरोलीकडच्या एका फडावर रेंजसाठी टेकडी चढावी लागे, तोही गेला. मी विरोध केला, पण ऐकतंय कोण. पुढच्याच आठवड्यात तिथल्या मुनशीचा फोन आला, "बाई, ट्रक काऊन नाई पाठवला? आभाळ भरून राह्यलं." मी साहेबांकडे धावले. त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं, "इथे असा फडच नाही." संध्याकाळी सगळी पानं भिजून काळी पडली. सकाळी साहेब म्हणाले, "आता घ्या तो फड व्ह्यूमध्ये, नुकसान वर ठेकेदाराला दाखवायचंय." पानं चांगली होती तोवर त्यांना तो फड नको होता, हे आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.