इवाच्या आजीसाठी चार गुलाब

शनिवारी सकाळी सातला मी मिशिगनमधल्या ट्रॉयहून शिकागोकडे निघालो. इवा माझ्याच ऑफिसात काम करते. आम्हाला लग्न करायचं आहे. ती आदल्या दिवशीच शिकागोला आजीकडे पुढे गेली होती. तिची अट एकच, "आजी हो म्हणाली तरच." आजीला फक्त बल्गेरियन येतं, म्हणून सहा महिने मी बल्गेरियन शिकत होतो.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. परभणीहून येऊन इंजिनियरिंग काढलं, अभ्यासाला घाबरत नाही. पण ही क्रियापदं वेगळी. प्रत्येकाची जोडी असते: काम चालू असेल तर एक, पुरं झालं तर दुसरं. शिवाय आपण स्वतः पाहिलं नसेल, नुसतं ऐकलं असेल, तर रूपच बदलतं. आपण शेवटी 'म्हणे' लावून मोकळे होतो; त्यांचा अख्खा तक्ता आहे. कारमध्ये तोच म्हणत होतो, त्या नादात एक एक्झिट चुकला. मका कापलेली शेतं संपली, इंडियाना लागलं, टाइम झोन बदलला, घड्याळ एक तास मागे गेलं. तेवढीच उजळणी वाढली.

शिकागोजवळ एका दुकानात तीन गुलाब उचलले आणि आई आठवली. आमच्याकडे ताटात एकदम तीन पोळ्या वाढत नाहीत. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, "अजून एक द्या."

"नशीबवान आहे ती," बाई म्हणाली.

"ऐंशीच्या पुढची आहे," मी म्हटलं.

इवानं दार उघडलं, फुलं मोजली. "चार? यार, आमच्यात सम आकड्यात फुलं मेलेल्यांना देतात." 'यार' ती माझ्याकडूनच शिकली.

आजीनंही मोजली. तीन गुलाब फुलदाणीत ठेवले, चौथा आजोबांच्या फोटोपुढे.

"बाबा (आजी)," मी सुरुवात केली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं: घरात पहिला मीच कॉलेजात शिकत होतो.

आजी इवाला म्हणाली, "शिकत होता म्हणे? स्वतः गेला नव्हता का?"

रूप चुकलं होतं. डिग्री खरी आहे. फोनमधला फोटो दाखवला. आजीनं चष्मा लावून तो बघितला, मग विचारलं, "चौथा कशाला घेतलास?"

मी पोळ्यांचं सांगितलं. साधा वर्तमानकाळ, त्यात चुकायला जागा नव्हती.

"आई कुठे असते?"

"भारतात."

"म्हणजे बघत नव्हती."

"नाही."

आजीनं बानित्सा (पापुद्र्यांत पांढरं चीज भरून भाजलेला पदार्थ) कापला. माझ्या ताटलीत तीन तुकडे ठेवले आणि समोर बसून राहिली. मी तिन्ही खाल्ले. ती इवाकडे वळली. "लग्न उन्हाळ्यात करा. थंडीत माझे गुडघे दुखतात."

रविवारी ट्रॉयला परतलो आणि आईला फोन लावला. क्रियापदांवर सहा महिने गेले, होकार तिच्या पोळ्यांनी मिळवला, हे सांगायचं होतं. तिनं आधी विचारलं, "वाढलं किती?"

"तीन तुकडे."

आई म्हणाली, "मग चौथा मागून घ्यायचा ना."

तिकडे चौथा कुणाचा असतो, ते मी सांगितलं नाही. पुढच्या वेळी मागीन, म्हटलं.