देवाजवळचा पाना

आरमोरीचा शालिकराम पालीला भ्यायचा, घुबडाला भ्यायचा, सासूच्या खोकल्यालाही भ्यायचा. पण सगळ्यांत जास्त मोटारीच्या मिस्तरीला. मिस्तरी बॉनेट उघडून 'अरे बापरे' म्हणतो, ते त्याच्याने ऐकवत नसे. म्हणून महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेल्या आपल्या पिकअपला त्याने परका हात लागू दिला नाही. सगळी दुरुस्ती स्वतः, आणि तीही एकुलत्या एका पान्याने. बाकीचं काम सुतळी, लाख आणि बायकोच्या शिव्यांवर भागायचं.

बायको गोकुळा कशालाच भीत नसे. देवाने दोघांच्या वाट्याची भीती एकाच ताटात वाढली होती.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात दोघं मीठ घेऊन भामरागडकडे निघाली. वाटेत पोचू नावाचा माडिया गोंड म्हातारा मिठाच्या पोत्यांवर चढून बसला. एका उतारावर शालिकरामने ब्रेक दाबला, तो पाय थेट खालच्या पत्र्याला टेकला. हातब्रेक तर कधीच गळून पडला होता. त्याने डोळे मिटून गाडी बांबूच्या बेटात घातली. गाडी थांबली, पण बांबू करकरत वाकू लागले.

"गोकुळे, चाकाले दगड लाव!"

तिने उडी मारली, वाटेच्या कडेला रचलेल्या दगडांच्या ढिगातला मोठा दगड उचलला आणि पुढच्या चाकाखाली सारला. शालिकराम पाना घेऊन गाडीखाली शिरला. ब्रेकच्या नळीचा नट ढिला होऊन तेल गळून गेलं होतं.

तेवढ्यात पोचूचा आवाज आला. "बाई, दगड कुठचा घेतला?"

"इथचा. ह्या ढिगातला."

"तो वाटेचा देव हाय. येनारा-जानारा दगड ठेवते. कोनी उचलत नाई."

गाडीखालून बारीक आवाज आला. "मंग आता?"

"देव दगड परत मागन."

"आत्ताच? गोकुळे, हात नको लावू त्याले! गाडी माह्या छातीवर येईन!"

पोचू ढिगापुढे उकिडवा बसून गोंडीत बराच वेळ बोलला.

"काय म्हनून राह्यला देव?" शालिकरामने विचारलं.

"लोखंड देल्लं तं थांबतो म्हनते."

त्याच क्षणी बेटाच्या पलीकडे वाघाने डरकाळी फोडली. शालिकरामच्या हातात जे होतं ते त्याने बाहेर भिरकावलं. गोकुळाने ते भक्तिभावाने ढिगावर ठेवलं. तो पाना होता.

नट अर्धाच आवळला होता. तेलकट बोटांनी तो फिरेना.

"गोकुळे, पाना दे."

"देवाले देल्ला न तुमीच."

"देल्लेलं परत घेत नाई," पोचू म्हणाला.

दुसरी डरकाळी अगदी जवळून आली. चाक दगडावर किंचित सरकलं. शालिकराम गाडीखाली रामनाम घेऊ लागला, पण 'रा'च्या पुढे जाईना.

गोकुळा कमरेवर हात ठेवून ढिगापुढे उभी राहिली. "देवा, पाना तुहाच हाय. पन तुले नट कसता येते का? नाई ना? मंग काम होईपर्यंत याच्याजवळ राहू दे."

पोचू ढिगाकडे कान लावून बसला.

"चालते म्हनते," शेवटी पोचू म्हणाला. गोकुळाने पाना गाडीखाली सरकवला.

शालिकरामचे हात इतके थरथरत होते, की नट आवळायला वेगळा जोर लागला नाही. सुताला लाख लावून त्याने नळीचा जोड बांधला, बाटलीतलं एरंडेल ब्रेकच्या टाकीत ओतलं आणि पेडल दाबदाबून ते नळीत भरून घेतलं. मग तो ब्रेकवर दोन्ही पाय रोवून, डोळे गच्च मिटून बसला. गोकुळाने दगड ओढून काढला.

गाडी हलली नाही. दगड ढिगावर गेला, त्यावर पाना.

तेव्हापासून शालिकरामचा कारखाना त्याच उतारावर आहे. कुठलाही नट ढिला झाला, की तो सगळं जंगल तुडवून तिथे येतो, हात जोडतो, आजूबाजूला वाघ नाही ना पाहतो, देवाच्या पान्याने नट कसतो आणि पाना परत जागेवर ठेवतो. तो पाना आजवर कुणी चोरला नाही.

"शालिकरामभाऊ, दुसरा पाना काऊन नाई घेत?" लोक विचारतात.

"घेतला असता गा," तो आवाज खाली आणून म्हणतो. "पन देवाले वाटन, याले आता माही गरज नाई राह्यली."